त्रिनिदाद: 'आम्ही कोण' हे ठरतं मतदारसंघात, शाळेच्या यादीत आणि सुट्ट्यांच्या पत्रकात

दर्यावर्दी

कॅरिबियनमधल्या भारतीय वंशाच्या लोकांवर मराठीत जे लिहिलं जातं त्यात बहुतेक वेळा दोनच सूर लागतात. 'पावणेदोनशे वर्षांनीही रामचरितमानस वाचतात' हा एक, आणि 'किती वंशांचे लोक गुण्यागोविंदाने नांदतात' हा दुसरा. त्रिनिदादमधला खरा प्रश्न दोन्हींत हरवतो. त्यावर नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढतोय.

आधी आकडे. २०११ च्या जनगणनेत त्रिनिदाद-टोबॅगोची लोकसंख्या १३ लाख २८ हजार होती. भारतीय वंशाचे ३५.४ टक्के, आफ्रिकी वंशाचे ३४.२, मिश्र वंशाचे सुमारे २३, आणि वंश न सांगणारे ६.२ टक्के. गोरे, चिनी, पोर्तुगीज, सीरियन-लेबनीज, मूळनिवासी हे सगळे मिळून दीड टक्क्याच्या आत. थोडक्यात, बहुसंख्य कोणीच नाही. पुढची सगळी गुंतागुंत इथून निघते.

हे आकडे असे का झाले? बेट १७९७ पर्यंत स्पेनचं होतं. स्पेनने १७८३ मध्ये कॅथलिक मळेवाल्यांना जमीन देऊ केली, तेव्हा फ्रेंच मळेवाले आपल्या आफ्रिकी गुलामांसह आले. नंतर इंग्रजांनी बेट घेतलं. १८३८ च्या १ ऑगस्टला गुलामगिरीची उरलीसुरली 'उमेदवारी' (सक्तीच्या कामाची मुदत) संपली आणि मोकळे झालेले लोक मळे सोडून जाऊ लागले. मग ३० मे १८४५ ला 'फातेल रझाक' जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशे मजूर घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला लागलं. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार लोक असे आले, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधले. करार पाच वर्षांचा. मळ्याबाहेर पाऊल टाकायचं तर परवाना लागे, आणि परवान्याशिवाय सापडलेल्याला तुरुंग. मजुरी दिवसाच्या नेमून दिलेल्या कामाला २५ सेंट.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. या मजूर-आयातीच्या खर्चाचा काही भाग सरकारी तिजोरीतून जात असे, आणि त्या तिजोरीत मुक्त झालेल्या काळ्या लोकांचाही कर होता. आपलीच मजुरी पाडायला आपल्याच पैशाने माणसं आणली जात आहेत, ही त्यांची तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. दोन समाजांमधली पहिली भिंत मळेवाल्यांच्या हिशेबाने बांधली.

३१ ऑगस्ट १९६२ ला देश स्वतंत्र झाला. पहिले पंतप्रधान एरिक विल्यम्स यांनी त्या वेळी भूमिका घेतली की भारतमाता नाही, आफ्रिकामाता नाही, माता एकच आणि ती त्रिनिदाद-टोबॅगो. राष्ट्रगीतातही प्रत्येक पंथाला आणि वंशाला समान जागा असल्याचं म्हटलं आहे. पण याच विल्यम्सनी चार वर्षं आधी, १९५८ च्या वेस्ट इंडीज संघराज्याच्या निवडणुकीत त्यांचा पक्ष हरल्यावर, भारतीयांना 'अडेलतट्टू अल्पसंख्य' म्हटलं होतं. ते भाषण अजून कोणी विसरलेलं नाही.

माझं म्हणणं असं: एकतेच्या घोषणा त्या देशात कधीच कमी नव्हत्या. तंटा पेटला किंवा मिटला तो दर वेळी एखाद्या नेमक्या नियमापाशी. सर्वोच्च नागरी सन्मानाचं उदाहरण घ्या. १९६९ पासून त्याचं नाव होतं 'ट्रिनिटी क्रॉस'. बेटाचं नावच ख्रिस्ती त्रैक्यावरून पडलेलं आणि पदक क्रुसाच्या आकाराचं. हिंदू किंवा मुसलमान माणसाचा देश गौरव करणार, पण तो क्रूस गळ्यात घालून. सनातन धर्म महासभा आणि एक इस्लामी संस्था कोर्टात गेली. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने हा अप्रत्यक्ष भेदभाव असल्याचं मान्य केलं, पण जुन्या कायद्यांना राज्यघटनेत संरक्षण असल्यामुळे हात बांधलेले आहेत असं सांगितलं. २००८ मध्ये सरकारने सन्मानाचं नाव बदलून 'ऑर्डर ऑफ द रिपब्लिक ऑफ त्रिनिदाद अँड टोबॅगो' केलं. २००९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या देशाच्या शेवटच्या अपील-कोर्टाने, तो क्रूस घटनेतल्या समानतेच्या हक्काविरुद्ध होता असा निकाल दिला. आधीच दिलेली पदकं मात्र रद्द झाली नाहीत. नाव बदललं आणि तो वाद थंडावला. इतर बाबतींत नियम तसेच राहिले, म्हणून वादही तसेच राहिले. त्यांबद्दल लिहा.

शुभदा_क

मांडणी पटली. एकच भर घालते, नाहीतर धागा एकाच बाजूचा होईल. वसाहत सरकारने दोन्ही समाजांच्या रस्त्यावरच्या उत्सवांवर एकाच काळात आणि एकाच पद्धतीने हात टाकला.

कार्निव्हलच्या आदल्या रात्री मशाली आणि ढोल घेऊन निघणारी 'कानबुले' मिरवणूक ही मुक्त झालेल्या आफ्रिकी लोकांची. १८८१ मध्ये ती अडवताना पोलिसांशी मोठी चकमक झाली. १८८४ मध्ये कायदा करून ढोल, मशाली, काठ्या आणि जमाव यांवर बंदी आली. त्याच वर्षी मोहरमच्या मिरवणुकांवर, ज्यांना तिथे 'होसे' म्हणतात, निर्बंध आले: ताबूत शहरात किंवा हमरस्त्यावर आणायचे नाहीत. ३० ऑक्टोबर १८८४ ला मळ्यांवरचे लोक ताबूत घेऊन सान फर्नांडोकडे निघालेच. दंगल-कायदा वाचून दाखवला गेला आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. किमान १६ मेले, शंभरावर जखमी झाले. आता खरा मुद्दा: त्या मिरवणुकीत शिया मुसलमान थोडे आणि हिंदू बरेच होते, आणि होसेत ढोल वाजवायला आफ्रिकी वंशाचे लोकही असत. सरकारला भीती धर्माची नव्हती. वेगवेगळ्या मळ्यांवरचे मजूर एकत्र चालतात, याची होती.

कातड्याच्या ढोलांवर बंदी आली म्हणून बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरणं सुरू झालं, बांबूवरून डबे आणि पिंपं आली आणि १९४० च्या आसपास स्टीलपॅन घडलं. तेलाच्या पिंपाचं बूड ठोकून खोलगट करायचं, मग छिन्नीने सुरांचे कप्पे आखून एकेक सूर लावायचा. गरीब काळ्या वस्त्यांमधलं हे वाद्य, आणि ते वाजवणाऱ्यांना गुंड म्हटलं जाई. १९९२ मध्ये ते राष्ट्रीय वाद्य झालं तेव्हा काही हिंदू संघटनांनी हार्मोनियमलाही तोच दर्जा मागितला. मला ती मागणी चुकीची वाटते. हार्मोनियम आणि स्टीलपॅन एका मापाने मोजता येत नाहीत. पॅन जगात प्रथम त्याच मातीत घडलं. पण मागणीमागची भीती समजते: राष्ट्राचं चिन्ह म्हणून जे जे निवडलं जातं ते एकाच समाजाचं निघतं.

आणखी एक. 'शाउटर' बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या प्रार्थनेवर १९१७ ते १९५१ अशी चौतीस वर्षं कायद्याने बंदी होती. हेही आफ्रिकी वंशाचेच लोक. म्हणून 'राज्य त्यांचं, आम्ही बाहेरचे' हे सोपं चित्र खरं नाही.

तिठा

शुभदाताई, १८८४ ची ही जोडी डोक्यात नव्हती, आभार.

माझा प्रश्न निवडणुकांचा. लोक वंशानुसार मत देतात असं सगळेच लिहितात. पण दोन गट जवळपास सारखे असतील तर सरकारं बदलतात कशी? आणि पीएनएम, म्हणजे विल्यम्सचा पक्ष, लागोपाठ तीस वर्षं सत्तेत कशी टिकली?

दर्यावर्दी

गणित मतांपेक्षा नकाशाचं आहे. ब्रिटिश पद्धत, ज्याला सर्वांत जास्त मतं तो जिंकला. त्यामुळे कोण किती यापेक्षा कोण कुठे राहतो याला महत्त्व. भारतीय वंशाची वस्ती मध्य आणि दक्षिणेच्या जुन्या ऊसपट्ट्यात दाट: कारोनी, चगुआनास, नापारिमा. आफ्रिकी वंशाची दाट वस्ती पोर्ट ऑफ स्पेन, लावांती आणि तिथून पूर्वेकडे जाणाऱ्या पट्ट्यात. या दोन्ही भागांत निकाल आधीच माहीत असतो. सरकार ठरतं ते सान फर्नांडो वेस्ट, तुनापुना, सेंट जोसेफ, बराटारिया-सान हुआन अशा मूठभर मिश्र मतदारसंघांत. म्हणून प्रचाराला दोन तोंडं असतात: बालेकिल्ल्यात आपल्या माणसांना एकगठ्ठा बाहेर काढण्याची भाषा, आणि मिश्र मतदारसंघात 'आम्ही सगळ्यांचे'. दुसरी भाषा पहिलीला झाकून टाकते, पण मिटवत नाही.

पीएनएम १९५६ ते १९८६ सलग सत्तेत होती. त्यांच्याकडे आफ्रिकी मतांबरोबर मिश्र वंशाची आणि मुसलमान व ख्रिस्ती भारतीयांची काही मतं होती. समोरचा डीएलपी पक्ष मुख्यतः हिंदू ग्रामीण मतांवर उभा आणि आतून फुटत राहिला. १९७१ मध्ये विरोधकांनी बहिष्कार टाकला आणि पीएनएमला ३६ च्या ३६ जागा मिळाल्या. एवढं मोठं यश कुठल्याही सरकारला हितकारक नसतं.

१९८६ मध्ये सगळे एकत्र आले. एनएआर या आघाडीने ३३ विरुद्ध ३ ने पीएनएमला उखडलं. टोबॅगोचे ए. एन. आर. रॉबिन्सन पंतप्रधान, बासदेव पांडे मोठे मंत्री. दोन वर्षांत पांडे बाहेर. का मोडलं? तेलाचे भाव कोसळलेले, पगारकपात सुरू, आणि सत्तावाटपाचा लेखी करार नाही. सगळं विश्वासावर. पांडेंनी १९८९ मध्ये यूएनसी काढली आणि १९९५ मध्ये १७-१७-२ असा निकाल लागल्यावर टोबॅगोच्या दोन जागांच्या आधारे ते भारतीय वंशाचे पहिले पंतप्रधान झाले.

२००१ हे नीट समजून घेण्यासारखं वर्ष आहे. जागा ३६, निकाल १८-१८. दोन्ही नेत्यांनी राष्ट्राध्यक्ष ठरवतील ते मान्य करू असं कबूल केलेलं. राष्ट्राध्यक्ष तेच रॉबिन्सन. त्यांनी 'नैतिक आणि आध्यात्मिक मूल्यां'चा आधार देत पीएनएमच्या पॅट्रिक मॅनिंगना नेमलं आणि पांडे बिथरले. एप्रिल २००२ मध्ये संसद भरली, पण १८-१८ मतांमुळे सभापतीच निवडता येईना, आणि सभापतीशिवाय कामकाज सुरू होत नाही. ऑक्टोबरमध्ये फेरनिवडणूक घ्यावी लागली. नंतर जागा ४१ केल्या, विषम आकडा, म्हणजे दोन पक्षांत बरोबरी होऊ नये. बरोबरीची अडचण सुटली. मूळ पद्धत तीच राहिली. २००७ मध्ये दोन्ही वंशांची मतं मागणाऱ्या सीओपी या तिसऱ्या पक्षाला जवळपास २३ टक्के मतं पडली आणि जागा मिळाली शून्य, कारण ती मतं सगळीकडे पसरलेली होती. मधला मार्ग धरणाऱ्याला ही पद्धत अशी शिक्षा करते.

मेघमल्हार

मग गयानासारखं प्रमाणशीर प्रतिनिधित्व (पक्षाला मतांच्या प्रमाणात जागा) आणावं, हा उपाय आहे का?

दर्यावर्दी

गयानाचा अनुभव सावध करणारा आहे. तिथे १९५५ मध्ये भारतीय वंशाचे छेदी जगन आणि आफ्रिकी वंशाचे फोर्ब्स बर्नहॅम हे नेते वेगळे झाले, १९६२ ते ६४ वांशिक हिंसाचार झाला, आणि १९६४ मध्ये ब्रिटनने प्रमाणशीर पद्धत आणली ती जगनना बाजूला काढण्यासाठीच. त्यानंतर बर्नहॅम यांच्या काळात निवडणुकांतल्या गैरप्रकारांमुळे पद्धत कुठली याला अर्थच उरला नाही; मोकळी निवडणूक झाली ती थेट १९९२ मध्ये. २०१५ ला ६५ जागांत ३३-३२ असा निकाल आणि २०२० ला मोजणीवरून पाच महिने पेच. प्रमाणशीर पद्धत असली तरी २०२० पर्यंत मतदार दोन वांशिक खांबांशी बांधलेलेच राहिले.

सुरिनामचा दाखला जास्त उपयोगी. तिथे कुठलाच खांब एकटा बहुसंख्य नाही: २०१२ च्या जनगणनेत हिंदुस्तानी २७, मरून (पळून जंगलात वसलेल्या गुलामांचे वंशज) २२, क्रिओल (इतर आफ्रिकी वंशाचे) १६, जावानीज १४ टक्के. सरकारं बहुतेक युतीची. १९५० आणि ६० च्या दशकांत जगरनाथ लछमन आणि योहान पेंगेल यांनी 'बंधुभावाचं राजकारण' म्हणून हिंदुस्तानी-क्रिओल भागीदारी चालवली. ती नेत्यांमधली वाटणी होती, शेजारीपाजारी मिसळले असं नाही. १९७५ च्या स्वातंत्र्याच्या सुमारास लोकसंख्येचा मोठा हिस्सा नेदरलँड्सला निघून गेला, त्यात हिंदुस्तानी बरेच. पण हिंदुस्तानी-क्रिओल रक्तपात टळला, हेही थोडं नाही.

पाटीपेन्सिल

शाळांबद्दल कोणी लिहिलं नाही. माझ्या मते मतपेटीपेक्षा ओळख इथे जास्त घडते, कारण ही गोष्ट पाच वर्षांतून एकदा होत नाही. प्रत्येक घरात, प्रत्येक अकरा-बारा वर्षांच्या मुलापाशी येते.

पार्श्वभूमी: १८६८ मध्ये कॅनडातून प्रेस्बिटेरियन मिशनरी जॉन मॉर्टन आले आणि त्यांनी खास भारतीय मुलांसाठी शाळा काढल्या. कारण मळ्यावरची मुलं इतर शाळांत जात नव्हती. तिथल्या मिश्र शाळांत त्यांची चेष्टा होई, शिवाय मळेवाल्यांना त्यांचे हात कामाला हवे असत. शिक्षकाची नोकरी हवी तर धर्मांतर, असा अलिखित व्यवहार बराच काळ चालला. १९५० च्या दशकात भदासे सगन महाराज यांच्या महासभेने हिंदू शाळांचं जाळं भराभर उभं केलं. सुरुवातीच्या शाळा इतक्या साध्या होत्या की सरकारी वर्तुळात त्यांना गोठे म्हणून हिणवत.

स्वातंत्र्याच्या तोंडावर विल्यम्सना सगळ्या शाळा एका राष्ट्रीय छत्राखाली हव्या होत्या. चर्चने विरोध केला, आणि १९६० मध्ये 'कॉन्कॉर्डाट' नावाचा समझोता झाला. तो आजही चालू आहे. त्यातली कलमं व्यवहारात अशी चालतात:

शिक्षकांचे पगार सरकार देतं. शाळेची मालकी आणि व्यवस्थापन धर्मसंस्थेच्या मंडळाकडे. धार्मिक किंवा नैतिक कारणावरून एखादा शिक्षक नको म्हणण्याचा हक्क मंडळाला. अभ्यासक्रमाबाहेरचं धर्मशिक्षण शाळेच्या धर्माचं, पण दुसऱ्या धर्माच्या मुलावर सक्ती नाही. आणि सर्वांत वादाचं कलम म्हणजे माध्यमिक प्रवेश: ८० टक्के जागा प्रवेश परीक्षेच्या गुणांवर, २० टक्क्यांपर्यंत जागा मुख्याध्यापकाच्या यादीतून.

ती परीक्षा म्हणजे २००१ पासूनची 'एसईए'. गणित, भाषा आणि लेखन. पालक आधीच पसंतीच्या शाळा क्रमाने भरून देतात. गुण आले की संगणक वरून खाली प्रत्येक मुलाला पसंतीक्रमाने बसवत जातो. गडबड होते ती उरलेल्या वीस टक्क्यांत. नियमाने यादीतल्या मुलानेही परीक्षा दिलेली असली पाहिजे, पण त्याचे गुण त्या शाळेच्या कट-ऑफच्या बरेच खाली असले तरी चालतं. यादी कोणत्या निकषावर केली हे जाहीर करण्याचं बंधन नाही. मुलाची आई त्या चर्चची किंवा देवळाची सभासद आहे का, भाऊ आधीपासून शाळेत आहे का, देणगी कोणाची, यावर कुजबुज चालते.

आता वंशाचा संबंध. नावाजलेल्या शाळा बहुतेक धर्मसंस्थांच्या: सान फर्नांडोची नापारिमा कॉलेज आणि नापारिमा गर्ल्स प्रेस्बिटेरियन, सेंट ऑगस्टीनचं लक्ष्मी गर्ल्स हिंदू कॉलेज, पोर्ट ऑफ स्पेनचं सेंट मेरीज कॅथलिक. हिंदू आणि प्रेस्बिटेरियन शाळांत भारतीय वंशाची मुलं जास्त असणं ओघानेच आलं. वीस टक्क्यांचा लाभ ज्याच्या समाजाकडे चांगली शाळा आहे त्यालाच. लावांतीच्या बाप्टिस्ट कुटुंबाच्या पाठीशी असं मंडळ नाही. त्या मुलाला सरकारी शाळा, आणि तिथले निकाल कमजोर. उलट बाजूने हिंदू पालक म्हणतो, आमच्या आजोबांना धर्म बदलल्याशिवाय शाळा मिळत नव्हती, आम्ही गोठ्यातून शाळा उभ्या केल्या, आता त्यावरचा हक्क का सोडू? दोघांचं म्हणणं खरं आहे, म्हणून तर कुठलंच सरकार कॉन्कॉर्डाटला हात लावत नाही.

निदान यादीचे निकष शाळेने आधी छापावेत आणि प्रवेश झाल्यावर किती मुलं यादीतून आली तो आकडा लावावा. समझोता न मोडताही एवढं करता येईल.

अण्णा_सोलापूरकर

सगळं वंशावर घेतलं की पोटापाण्याचा प्रश्न झाकला जातो. ऊस भारतीयांकडे आणि तेल आफ्रिकींकडे ही वाटणीच आधी कामाची होती. आणि कामगारांनी ती दोनदा-तीनदा ओलांडली.

१९३७ च्या जूनमध्ये फिझाबादच्या तेलक्षेत्रात ग्रेनडाहून आलेल्या टुबल उरिया बटलर यांच्या नेतृत्वाखाली संप पेटला. बटलर भूमिगत आणि नंतर तुरुंगात. मग तेलकामगारांची संघटना बांधली कोणी? एड्रियन कोला रिएन्झी या वकिलाने, मूळ नाव कृष्ण देवनारायण. आफ्रिकी वंशाच्या तेलकामगारांच्या संघटनेचा पहिला अध्यक्ष भारतीय वंशाचा, आणि ऊसकामगारांची संघटनाही त्याचीच. १९४० च्या दशकात प्रौढ मताधिकाराचा प्रश्न आला तेव्हा समितीने मतदाराला इंग्रजी समजलं पाहिजे अशी अट सुचवली. तिने भोजपुरी बोलणारे हजारो ग्रामीण भारतीय बाद झाले असते. त्याविरुद्धच्या लढ्यात रिएन्झी पुढे होते. अट गेली, आणि १९४६ ला सगळ्यांनी मत दिलं.

१९७० च्या ब्लॅक पॉवर आंदोलनात १२ मार्चला पोर्ट ऑफ स्पेनहून हजारो तरुण ऊसपट्ट्यात कारोनीकडे चालत गेले, 'भारतीय-आफ्रिकी एक व्हा' म्हणत. वाटेत लोकांनी पाणी दिलं. पण सामील फार कोणी झालं नाही. 'काळा' या शब्दात आपण येतो का, याची ऊसकामगाराला खात्री नव्हती आणि त्याचे पुढारी पीएनएमइतकेच या आंदोलनाला घाबरत होते. २१ एप्रिलला आणीबाणी, त्याच दिवशी सैन्यात बंड. बंडाच्या दोन म्होरक्यांपैकी रफीक शाह ऊसकामगाराच्या घरातला. हाच शाह पुढे पांडे आणि तेलकामगारांचे जॉर्ज वीक्स यांच्याबरोबर युनायटेड लेबर फ्रंटमध्ये. १९७६ मध्ये त्यांना दहा जागा मिळाल्या, पण सगळ्या ऊसपट्ट्यातून. तेलकामगाराने संपात वीक्सचा झेंडा धरला आणि मत मात्र पीएनएमला दिलं.

आणि २००३ विसरू नका. सरकारी 'कारोनी (१९७५) लिमिटेड' बंद झाली, सुमारे ९ हजार कामगार घरी. कारखाना तोट्यात होता हे खरं. पण बंद करणारं सरकार पीएनएमचं आणि कामगार बहुतांश भारतीय, त्यामुळे ताळेबंदाचा निर्णय वंशाचा निर्णय म्हणून वाचला गेला. भरपाईत प्रत्येकी दोन एकर शेतजमिनीचा शब्द होता. पट्टे मिळायला वर्षानुवर्षं लागली, काही ठिकाणी प्लॉटला रस्ता आणि पाणीच नाही. वेळेत मोजणी करून कागद हातात दिले असते तर निम्मी कटुता टळली असती.

शुभदा_क

अण्णा, संपात एक आणि मतात वेगळं, हे निरीक्षण फार नेमकं आहे. पण त्याचं कारण निव्वळ पोटापाण्यात सापडत नाही, म्हणून पुन्हा ओळखीवर यावं लागतं.

तिथे देशाला 'कलालू' म्हणतात. अळूची पानं, भेंडी, नारळाचं दूध आणि खेकडा एकत्र शिजवून घोटलेला पदार्थ. हे ऐकून भारतीय वंशाचे बरेच लोक अस्वस्थ होतात, कारण त्यात सगळं घोटून एक होतं, आणि वर राहते ती चव क्रिओल. राष्ट्रीय संस्कृती म्हणजे कार्निव्हल, कॅलिप्सो आणि पॅन, बाकीचं 'वांशिक'. वास्तवात मिश्रण कितीतरी पुढे गेलंय. सोका संगीत घडवणाऱ्या लॉर्ड शॉर्टीने, म्हणजे गारफिल्ड ब्लॅकमनने, ढोलक आणि धंताल (लोखंडी सळीचं तालवाद्य) घेऊन कॅलिप्सोचा ताल बदलला. डबल्स, म्हणजे 'बारा' नावाच्या दोन तळलेल्या पुऱ्यांमध्ये चण्याची भाजी, सगळेच खातात. पण खाण्यात आणि नाचण्यात मिसळलेलं लग्नात चालेल असं नाही.

२०११ च्या जनगणनेत प्रथमच 'मिश्र: आफ्रिकी आणि भारतीय' असा स्वतंत्र रकाना आला. ७.७ टक्के लोकांनी तो निवडला, म्हणजे एक लाखाहून जास्त. यांना तिथे 'डुगला' म्हणतात. आधी हे सगळे 'मिश्र' या एका पोत्यात जात आणि कोणाच्याच हिशेबात येत नसत. दोन्ही पक्षांच्या गणितात यांची जागा ठरलेली नाही, म्हणूनच माझ्या मते देशाचं पुढचं राजकारण यांच्याकडे बघून कळेल.

तिठा

क्रिकेटचं विचारायचं राहिलं. १९७१ ला पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर वाडेकरांचा संघ जिंकला, सरदेसाईंचं शतक, गावसकरांचं पदार्पण. तेव्हा स्टँडमधले लोक भारताच्या बाजूने होते असं नेहमी वाचतो. ते खरं का, आणि त्याचा तिथे अर्थ काय लावतात?

दर्यावर्दी

बऱ्याच अंशी खरं. आणि तिथे ते गंभीरपणे घेतलं जातं, कारण वेस्ट इंडीजचा संघ हेच इंग्रजीभाषक कॅरिबियनचं एकमेव चालू असलेलं संघराज्य आहे. राजकीय संघराज्य १९५८ ला सुरू होऊन १९६२ ला मोडलं, संघ राहिला. त्यामुळे स्वतःच्या मैदानावर भारतासाठी टाळ्या वाजवणं म्हणजे देशाशी बेइमानी, असा आरोप झाला. १९७६ ला त्याच मैदानावर भारताने चौथ्या डावात ४०३ चं लक्ष्य गाठलं तेव्हाही तेच.

दुसरी बाजू अशी की १९५० पर्यंत वेस्ट इंडीजकडून भारतीय वंशाचा एकही खेळाडू कसोटी खेळला नव्हता. त्या वर्षी सनी रामाधीन आला आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकून देणाऱ्यांत होता. ज्या संघात आपलं माणूस उशिरा दिसलं त्या संघावर निष्ठा उशिरा बसणं समजण्यासारखं आहे. यावर निष्ठेची परीक्षा लावणं मला अन्यायाचं वाटतं. लंडनमध्ये वेस्ट इंडीजसाठी नाचणाऱ्या त्रिनिदादींना इंग्लंडमध्ये हाच प्रश्न विचारला गेला तेव्हा तो अपमानास्पद आहे हे सगळ्यांना कळलं होतं.

मेघमल्हार

सुट्ट्यांचं पत्रक शीर्षकात आहे पण त्यावर कोणीच लिहिलं नाही. थोडक्यात टाकतो. दिवाळी आणि ईद १९६६ पासून. १ ऑगस्ट, मुक्तिदिन, १९८५ पासून. ३० मे १९९० च्या दशकात आधी नुसता 'आगमन दिन' होता, पुढे 'भारतीय आगमन दिन' झाला. शाउटर बाप्टिस्टांचा ३० मार्च १९९६ पासून, आणि तो दिला पांडेंच्या सरकारने, हे महत्त्वाचं. अरिमा या शहरातल्या मूळनिवासींना मिळाली ती एकच सुट्टी, १३ ऑक्टोबर २०१७, एकदाच. राजचिन्हावरची कोलंबसाची तीन जहाजं काढून तिथे स्टीलपॅन घालण्याचा निर्णय २०२४ मध्ये जाहीर झाला. अरिमाकरांनी कोलंबस जाण्याचं स्वागतच केलं असतं, पण त्या जागी आपलं काही येईल ही आशा असणारच.

टोबॅगोबद्दलही एक ओळ. तिथे जवळपास सगळे आफ्रिकी वंशाचे, तरी त्यांचं भांडण पोर्ट ऑफ स्पेनशी. १९८० पासून स्वतःची विधानसभा आहे. एप्रिल २०२५ च्या निवडणुकीत टोबॅगोच्या दोन्ही जागा स्थानिक पक्षाने नेल्या. त्रिनिदादमध्ये कमला परसाद-बिसेसर यांच्या यूएनसीला २६, पीएनएमला १३. वंश एक म्हणून निष्ठा एक, हे तिथेच खोटं ठरतं.

नवा_पाहुणा

धागा वाचून दोन प्रश्न. त्रिनिदादला मराठी मजूर गेले होते का? आणि जुलै २०२५ मध्ये तिथल्या सहाव्या पिढीपर्यंत ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड देण्याचं भारताने जाहीर केलं. एवढ्या मागचं नातं लोक सिद्ध कसं करतात?

शुभदा_क

पहिल्याचं उत्तर: त्रिनिदादची भरती कलकत्ता बंदरातून, आणि काही काळ मद्रासहून. मुंबईहून मराठी मजूर गेले ते मॉरिशसला. आपला खरा धागा गोपाळ कृष्ण गोखल्यांचा. मार्च १९१२ मध्ये त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात ही करारपद्धत पूर्ण बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारी मतांपुढे तो पडला, पण पाच वर्षांत भरती थांबली.

दुसऱ्याचं उत्तर जरा लांब. सर्वांत मोलाचा कागद म्हणजे कलकत्त्याचा 'एमिग्रेशन पास'. त्यावर जहाजाचं नाव, क्रमांक, माणसाचं नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, ठाणं, गाव, उंची आणि अंगावरची खूण असते. जुनी नोंदपुस्तकं पोर्ट ऑफ स्पेनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. तिथे थेट आडनाव घेऊन गेलं तर हाती काही लागत नाही, कारण आलेल्या माणसाला आडनाव नव्हतंच. पहिल्या किंवा दुसऱ्या पिढीत बापाचं नाव आडनाव झालं. शिवाय कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलं, त्यामुळे एकाच गावाची स्पेलिंगं तीन-चार.

म्हणून आजपासून मागे जायचं. स्वतःचा जन्मदाखला, मग आईवडिलांचा, मग त्यांच्या आईवडिलांचा, असं करत भारतात जन्मलेल्या माणसापर्यंत. १९४५ च्या आधी जन्मलेल्यांपाशी हमखास अडतं. हिंदू पद्धतीच्या लग्नाला कायद्याची मान्यता त्या वर्षीच्या कायद्याने मिळाली. तोपर्यंत बांबूच्या मांडवात लागलेलं लग्न सरकारदरबारी लग्नच नव्हतं, मुलं अनौरस धरली जात आणि दाखल्यावर बापाचा रकाना कोरा राही. अशा वेळी आईच्या नावाने शोधायचं. मळ्याचं नाव माहीत असेल तर ते सोबत ठेवायचं, कारण नोंदपुस्तकात कोणता मजूर कोणत्या मळ्याला दिला ते लिहिलेलं असतं. जहाज आणि मळा जुळले की त्या जहाजाच्या यादीत बापाचं नाव, वय आणि जिल्हा ताडून बघता येतो.